शिरेलगतची चरबी

वैद्यकीय अहवालाची भाषा मोठी तुटक असते. धीर देणे हे तिचे काम नव्हे. त्यातील एखादे अनोळखी नाव मात्र साऱ्या घराची झोप उडवून जाते.

पत्नीच्या उजव्या कुशीत कळा येऊ लागल्या, म्हणून देवळ्याहून चांदवडमार्गे नाशिकला जाऊन आम्ही सीटी स्कॅन करून घेतला. कळांचे कारण मूत्रनलिकेतील लहानसा खडा निघाला. परंतु त्याच अहवालात आणखी एक ओळ होती : अधोमहाशिरेलगत चरबीचा साठा. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे परत नेणारी ही सर्वांत मोठी शीर. तिच्यापाशी गाठ आहे, एवढाच अर्थ आम्ही घेतला. चाळीतील उन्हाळी कांदा चांगल्या भावासाठी राखून ठेवला होता. तो मिळेल त्या भावाने विकून शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करावेत, असे थोरले बंधू म्हणाले. पत्नी म्हणाली, ''अगोदर डॉक्टरांना नीट विचारू तर या.''

डॉक्टरांनी चित्रे उघडून समजावले. सीटी स्कॅनच्या मोजमापात पाण्याचा आकडा ०, हवेचा उणे १०००. चरबी पाण्याहून विरळ, म्हणून तिचा आकडा शून्याखाली येतो. हे माप गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

पत्नीच्या चित्रातील आकडा चरबीचाच होता. आडव्या छेदात ती शिरेच्या आत शिरल्यासारखी भासे. यकृताच्या वरच्या टोकाशी शीर किंचित वाकते. त्यामुळे एकाच छेदात शीर आणि शेजारची चरबी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. डॉक्टरांनी तीच चित्रे उभ्या छेदात लावली, तेव्हा शीर मोकळी आणि चरबी तिच्या बाहेर, असे स्पष्ट दिसले. जुनाट यकृतविकारात असा साठा अधिक आढळतो, म्हणून त्यांनी यकृतही तपासले. ते निरोगी होते. ''याला उपचार नाही, कारण हा आजारच नाही,'' डॉक्टर म्हणाले.

पुढे औषधपाण्याने खडा पडला. कांदाही चाळीतच राहिला.

वाचकहो, आज खेड्यापाड्यांतील घरांतही असे अहवाल येतात. अहवाल वाचणे निराळे आणि तो जाणत्याकडून समजून घेणे निराळे. या दोहोंमधल्या दिवसांत घरातले काही विकायला काढू नये, एवढेच सांगावेसे वाटते.