जिंतूरचा हेल्मेटवाला हीरो

यंदाचं अप्रेझल आठवतंय? शेजारच्या डेस्कवाल्याला जास्त इन्क्रिमेंट मिळालं आणि छातीत धडधडलं? मग पावसाळ्यातला एक वीकेंड काढा आणि जिंतूर गाठा. तिथे बाभळीवर रोज अप्रेझल चालतं!

जिंतूरला येणारे बहुतेक जण नेमगिरीची जैन लेणी आणि पूर्णा नदीवरचं येलदरी धरण बघून परततात. माझाही तोच प्लॅन होता. पण येलदरीच्या रस्त्यावर चहाला थांबलो, तर विहिरीवर वाकलेल्या बाभळीतून नुसता कलकलाट! सुगरण पक्ष्यांची कॉलनी.

नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं. गवताच्या, उसाच्या पात्यांच्या लांब चिरा काढायच्या, आणायच्या, गुंफायच्या. खोपा अर्धा झाला की टांगलेल्या हेल्मेटसारखा दिसतो. पक्षी-अभ्यासकही या टप्प्याला 'हेल्मेट'च म्हणतात. इथेच मादी इन्स्पेक्शनला येते. पसंत पडलं तर संसार, नाहीतर बाईसाहेब चालल्या शेजारी! मादी अंड्यांवर बसली की हीरो दुसरीसाठी नवा खोपा घ्यायला मोकळा. सलीम अलींनी ही भानगड १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला टिपली होती.

हाच नर उन्हाळ्यात चिमणीसारखा मातकट असतो. विणीचा हंगाम आला की डोकं आणि छाती पिवळीधमक! विणकर पक्ष्यांच्या या रंगामागे असतं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतलं 'एलएच' हे हार्मोन. तेच नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. म्हणजे बाहेरचा ऋतू थेट रक्तात उतरतो.

पण फक्त ऋतूच नाही, शेजारीही उतरतो! १९९० मध्ये जॉन विंगफील्ड आणि सहकाऱ्यांनी 'चॅलेंज हायपोथिसिस' मांडला: प्रतिस्पर्धी समोर आला की नराचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, पिल्लांना भरवायची वेळ आली की उतरतं. पुढे पनामाच्या जंगलात, वर्षभर आपला इलाखा राखणाऱ्या ठिपकेदार अँटबर्डवर प्रयोग झाले. त्याचं टेस्टोस्टेरॉन एरवी अगदी कमी. पण परक्या नराचं गाणं टेपवर तासन्‌तास वाजवलं, तर ते वाढलं. फंडा साधा आहे. हे हार्मोन महागडं आहे. सतत चढं राहिलं तर पिल्लांकडे दुर्लक्ष होतं, रोगांशी लढायची ताकदही घटू शकते. म्हणून गरज असेल तेव्हाच खर्च!

विहिरीच्या कठड्यावर बसून मला माझी जुनी नोकरी आठवली. रात्री तीनला उठून मेल बघायचो. कुणी चॅलेंज देत नव्हतं, तरी टेप चालूच. ती बंद करता आली नाही, म्हणून शेवटी नोकरीच सोडली. बरोबर केलं की पळालो, अजून कळत नाही.

बाभळीवरच्या हीरोला हा प्रश्न पडत नाही. हंगाम संपला की पिवळा रंग उतरतो, भांडण संपतं. आणि खोप्यांवरून कचाकचा भांडलेले हेच शेजारी मातकट कपड्यांत, एकाच थव्याने ज्वारीवर उतरतात.

पुढचं अप्रेझल येईलच. तोवर टेप बंद ठेवायला काय हरकत आहे?

कसं जाल? मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने परभणी, पुढे एसटीने जिंतूर. जुलै ते सप्टेंबर बेस्ट. दुर्बीण घ्या, खोप्यांपासून लांब थांबा.