बॉर्डर : काठ, शीव आणि एक पिक्सेल

वेबपेज बांधताना मी दिवसातून कितीतरी वेळा 'बॉर्डर' टाइप करतो. एक पिक्सेल, सॉलिड, करडा रंग. या कामात एक गोष्ट पक्की कळते: बॉर्डर ही नुसती रेघ नसते. तिला जाडी असते, ती जागा खाते.

शब्दाच्या मुळातही रेघ नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये 'बोर्द' म्हणजे कड, बाजू. त्यावरून कापडाच्या, ढालीच्या कडेच्या पट्टीचं नाव पडलं आणि ते इंग्रजीत आलं. इंग्लंडला लागून असलेल्या स्कॉटलंडच्या मुलखाला आजही 'बॉर्डर्स' म्हणतात, म्हणजे तोही पट्टाच. जहाजाची बाजू सांगणारा 'बोर्ड' याच कुळातला. तो आणि फळीचा 'बोर्ड' फार पूर्वीच एकमेकांत मिसळले. मग फळीचं टेबल, टेबलावरचं जेवण, जेवणावरून बोर्डिंग. 1901 मध्ये शाहू महाराजांच्या काळात इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्या बोर्डिंगची आणि बॉर्डरची अशी लांबची सोयरीक.

आपल्याकडं मात्र प्रत्येक कडेला वेगळा शब्द. शेताला बांध, गावाला शीव, वहीला समास, नदीला आणि साडीला काठ. महाद्वार रोडवर दुकानदार विचारतो, "मोठी बॉर्डर दाखवू?" आई म्हणते, "काठ बघू." दोघांनाही एकमेकांचं कळतं. इथंवर माझी काही तक्रार नाही.

पण माझ्या आजीचं माहेर निपाणी. कोल्हापूरहून 40 किलोमीटरच्या आसपास. ती जन्मली तेव्हा निपाणी मुंबई प्रांतात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेली, 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजी तेव्हापासून आजतागायत "निपाणीला जाऊन येते" एवढंच म्हणते. 'बॉर्डर' हा शब्द तिच्या तोंडी यायचा तो फक्त साडीपुरता, तोही दुकानदाराचं ऐकून. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. बातमी लागली की ती टीव्हीचा आवाज वाढवते, बोलत काही नाही.

2021 मध्ये तिचा धाकटा भाऊ गेला. तेव्हा पलीकडं जायला कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता. आमचा रिपोर्ट येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजीनं माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉलवर बघितलं. फोन माझ्या हातात होता, म्हणून मला तिचा चेहरा नीट दिसला नाही. त्याबद्दल मी आभारीच आहे.

भाऊबीजेला तो दरवर्षी तिला साडी घ्यायचा. नेसून नेसून अंग विरतं, काठ तसेच राहतात. त्या वर्षी पावसाळ्यात तिनं असे सात-आठ काठ कापून काढले आणि वाकळेच्या चारही बाजूंना लावले. टाके जवळजवळ घातलेत. मी घरी असलो की तीच वाकळ मला देते.