राणी घेतली, कव्हर राहिलं

परवा मीटिंग संपल्यावर पोरांनी कॅरम मांडला. एकानं पिशवीतून बिअरच्या दोन बाटल्या काढल्या. मला बघून थबकला. म्हणाला, "काका, बिअर म्हंजे काय दारू नाय." मी गप्प राहिलो. बोलायला माझं तोंड साफ नव्हतं. म्हणून हे लिहितोय. उपदेश म्हणून वाचू नका, कबुली म्हणून वाचा.

साल १९७८. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होतो. एक खोली, आठ माणसं. दिवसा नोकरी, रात्री कॉलेज. तिथं तीन दोस्त भेटले. तिघंही दादरचे, तिघंही सवर्ण, तिघंही डावे. जात मानत नाही असं सांगायचे आणि मनापासून सांगायचे. त्यातल्या एकाच्या घरी दोन खोल्या. त्याची आई अधूनमधून थोरल्या लेकाकडं पुण्याला जायची. ती गेली की शनिवारी रात्री आमचा अड्डा तिथं.

पत्र्याच्या ड्रमावर कॅरमबोर्ड. वरचा बल्ब वायरीनं खाली ओढलेला, त्याला वर्तमानपत्राची टोपी. बोरिक पावडरचा वास, पुडीतले खारे शेंगदाणे आणि भिंतीला टेकवलेल्या बिअरच्या मोठ्या बाटल्या. ग्लास कोण धुणार? बाटलीच फिरायची. त्याच्या तोंडची माझ्या तोंडाला, माझ्या तोंडची त्याच्या.

पहिल्यांदा बाटली फिरली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला सांगू. आमच्या गावात माझ्या बाला चहा फुटक्या कपात मिळायचा, तो कपही त्यानंच धुवून वळचणीला ठेवायचा. आणि इथं बामणाचा पोरगा माझी उष्टी बाटली तोंडाला लावतोय! मला वाटलं, जिंकलं. हेच आपलं चवदार तळं.

घरी मात्र चोरून जायचो. बा आणि आय १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे. त्याआधी गिरणीचा अर्धा पगार बा हातभट्टीवर उडवायचा. नागपूरहून आला तो मरेपर्यंत थेंबाला शिवला नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसानं शब्द पाळला. त्याचा बी.ए. होऊ घातलेला पोरगा मात्र म्हणत होता, पंचशील ठीक आहे, पण समतेसाठी एवढं चालतं. बा प्याला तो अडाणीपणात. मी विचारपूर्वक पीत होतो.

त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपली घरं जाळली, माणसं मारली. ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही चौघांनी त्याच घरात संध्याकाळभर नामांतराची पोस्टरं रंगवली. अक्षरं त्या दोस्ताचीच, मोठी देखणी. रात्री हात धुतले आणि बोर्ड मांडला.

कॅरम ज्यांना येतो त्यांना सांगायला नको. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, मधे लाल राणी. ब्रेक ज्याचा, त्याच्या पांढऱ्या. राणी नुसती घेऊन भागत नाही. लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं. नाही दिलं तर राणी परत बोर्डाच्या मधोमध.

त्या रात्री मी कट मारून राणी घेतली. कव्हर अवघड होतं, सोंगटी पाटाला चिकटलेली. शेंगदाण्यांनी घसा सुकला होता. म्हनलं, आधी पाणी पितो. घरवाला दोस्त खाली सिगरेट आणायला गेलेला. मी उठलो आणि आतल्या खोलीकडं वळलो. कोपऱ्यात तांब्याचा हंडा, त्यावर झाकण, झाकणावर ओगराळं.

मागनं आवाज आला, "ए थांब. तो येऊ दे. तो देईल."

बोलणारा वाईट नव्हता. संध्याकाळभर त्याचेही हात शाईनं माखले होते. बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. स्ट्रायकर बोटांत फिरवत बसला. मी उंबऱ्यावर उभा. तेव्हा ध्यानात आलं, वर्षभर मी या घरात पाणी प्यालो ते दर वेळी दोस्तानं आणून दिलेलं. "तू बस, मी देतो" म्हणायचा. मी ती माया समजत होतो.

तो आला. आमची तोंडं बघून समजला. लगबगीनं आत गेला, ग्लास काठोकाठ भरून आणला. म्हणाला, "आईचं सोवळं रे. नाहीतर मला काय त्याचं!"

आई पुण्यात होती. हंडा कुणाला सांगणार होता?

मी ग्लास घेतला नाही. त्यानं बाटली पुढं सरकवली, "बरं, ही घे. कव्हर तर दे." आणि मित्रांनो, ती मी घेतली. मला वाटलं, पाणी नाकारून मी निषेध केला. निषेध कसला डोंबलाचा! पाण्याची तहान बिअरवर मारली आणि बोर्डाशी जाऊन बसलो. कव्हर चुकलं. राणी परत मधे गेली.

त्या वेळी उठून निघायला पाहिजे होतं. निघालो नाही. दोस्ती तुटेल याची भीती. हीच माझी कबुली.

रात्री घरी आलो. आय जागीच होती. तिला वास आला. बोलली काहीच नाही. मी पिंपात तांब्या बुडवला आणि उभ्यानं दोन तांबे पाणी प्यालो. ती म्हणाली, "एवढा तहानला व्हतास, तर तिथं पानी नव्हतं का?"

याला उत्तर काय द्यायचं?

२० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं. हायकोर्टात निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं भांडण कशाचं, तर पाण्याचं. बाटलीसाठी कुणालाच भांडावं लागत नाही. नशेत विटाळ सुटतो, सकाळी परत चिकटतो. बाटली बाहेरच्या खोलीत फिरते, हंडा आतल्या खोलीत असतो. बाटली ही राणी समजा. ती मी घेतली होती. कव्हर हंड्यापाशी राहिलं.

पुढं आम्ही आमच्या चाळीत कॅरम क्लब काढला. नियम दोनच. बाटली आणायची नाही. आणि बोर्डाशेजारी माठ, ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. दादरचा दोस्त दोनदा आला. माठात ग्लास बुडवून ढसाढसा पाणी प्याला, माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. पण मनात आलं, याला सोपंय. इथं याला कोण अडवणार?

त्याच्या घरी मी परत गेलो नाही. त्यानंही बोलावलं नाही.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. त्या दिवशी मला त्याची ती देखणी अक्षरं आठवली, आणि हंडाही आठवला.

पोरांनो, बाटल्या ठेवायच्या की न्यायच्या, ते तुम्ही ठरवा. बानं काय ठरवलं ते मी सांगितलं. मी काय केलं तेही सांगितलं. कुणी बाटली पुढं केली, तर एवढंच करा. म्हणा, आधी पाणी पितो. आणि हंड्याकडं आपल्या पायानं चालत जा. मागनं काय आवाज येतो, तो ऐका.