रिजायनाचं तळं

ज्ञानोबांची पालखी फलटण, बरड करत धर्मपुरीशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते, तेव्हा आमच्या माळावर माणूसच माणूस. एरवी तिथं वारा आणि आभाळ यांचंच राज्य. म्हणून भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथं नुसतं सपाट आहे हो," तेव्हा मला त्याची कीव आली नाही.

तो आहे कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात, राजधानीच्या रिजायना शहरात. प्रांत साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. माणसं मात्र 2021च्या जनगणनेत साडेअकरा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव. चारही सीमा पट्टीनं ओढलेल्या. सीमेवर कुठं नदी नाही, डोंगर नाही. उत्तरेला जंगल आणि सरोवरं, दक्षिणेला गहू, कनोला आणि मसूर. ती मसूर आपल्याकडेही येते. आमच्या आमटीचं आजोळच ते!

रिजायनाची गोष्ट मला जवळची वाटते ती तिच्या तळ्यामुळं. 1882 साली रेल्वे येण्याआधी वास्काना ओढ्याकाठी होते फक्त बायसनच्या हाडांचे ढीग, तिथल्या मूळ रहिवासी क्री लोकांनी रचलेले. माळ उघडाबोडका. आज शहरात दिसतं ते जवळजवळ प्रत्येक झाड माणसानं लावलेलं, आणि तळंही ओढा अडवून केलेलं. 1905 साली प्रांत झाला, तळ्याकाठी विधानभवनाची घुमटाची इमारत उठली.

मग 1930च्या दशकात दुष्काळ पडला. गव्हाचा भाव कोसळला, माती धुळीचे लोट होऊन उडाली. हाताला काम हवं म्हणून तळं रिकामं केलं आणि दोन हजारांवर माणसांनी फावडी आणि घोडागाड्या घेऊन ते खोल खणलं.

हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. इथून जवळ, म्हसवडच्या अंगाला, राजेवाडीचा तलाव 1876-77च्या दुष्काळी कामातच सुरू झाला. आणि 1972ला खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली म्हातारी माणसं आजही गावोगाव भेटतात. सरकार कुठलंही असो, पाऊस रुसला की माणसाला खोदायलाच लावतं.

भाच्याला मी विचारलं, "एवढा गाळ काढला, तो कुणाच्या रानात गेला?"

"त्याची तळ्यातच दोन बेटं केली, मामा."

बेटं! आमच्याकडं ट्रॉल्यांची रांग लागली असती आणि पहिली खेप कुणाची यावरून भांडणं.