मांडीतली गाठ

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘मार लागून रक्त साकळलं आहे का?’ काका साठीतले, गवंडीकाम करणारे. शिडीवरून घसरताना मांडी आपटली होती. पण साकळलेलं रक्त हळूहळू विरतं, गाठ आकसत जाते. यांची वाढत चालली होती, आणि रात्री ठणका लागायचा.

प्रोब ठेवला तर गाठ कातडीखाली नव्हती, खोल स्नायूत होती. कडा जाड आणि भरीव, मधला भाग पातळ. डॉप्लरवर कडांमधून रक्त वाहताना दिसलं. नुसत्या साकळलेल्या रक्तात असा प्रवाह नसतो. गळू म्हणावं, तर ताप नाही, लाली नाही. आपल्याकडे क्षयाचं थंड गळूही विसरून चालत नाही. म्हणून विचारलं, “काका, खोकला आहे?”

“तो बिडीचा, डॉक्टर. जुनाच आहे.”

काकू म्हणाल्या, “सगळे शर्ट ढगळ व्हायला लागलेत यांना.”

लगेच छातीचा एक्स-रे काढायला सांगितलं. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गोळा होता.

तरीही दोन्हींचा संबंध आहे असं फिल्म बघून म्हणता येत नाही. मांडीतला सार्कोमा हा वेगळाच कर्करोगही असाच दिसू शकतो. तो असता तर उपचाराची सगळी दिशाच बदलली असती. एमआरआय झाला, मग सोनोग्राफीत बघत मांडीतून सुईने तुकडा घेतला. पॅथॉलॉजीचं उत्तर आलं: अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींसारखा कर्करोग, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह. हे प्रथिन मुख्यतः फुफ्फुसाच्या आणि थायरॉइडच्या पेशींत सापडतं. छातीतल्या गोळ्याशी ते जुळलं.

फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत, हाडांत, यकृतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथींत जातो, हे आम्ही रोज बघतो. स्नायूत क्वचित. शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग स्नायूंचा, रक्तपुरवठाही भरपूर, तरी तिथे हा रोग सहसा रुजत नाही. इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं की कर्करोगाचं बी कुठेही पडलं तरी जमीन मानवावी लागते. स्नायूंचं सततचं आकुंचन, कमीजास्त होणारा रक्तप्रवाह, तिथे तयार होणारं लॅक्टिक आम्ल ही कारणं सांगितली जातात. मला ती पटतात, पण पूर्ण उलगडा झालेला नाही.

रोग चौथ्या टप्प्यात होता, आणि ते काकूंना सांगणं फार जड गेलं. पण निदान पक्कं झाल्याने मांडीवर मोठी शस्त्रक्रिया टळली. कोणतं औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी त्याच तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी करता आली. रेडिएशननंतर ठणका बराच उतरला, काकांना झोप लागू लागली.

मार लागल्यावर आलेली गाठ काही आठवड्यांत कमी झाली नाही, तर ती तेल लावून चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि जुना खोकला, घटलेलं वजन, बिडी-सिगारेट हेही त्यांनी विचारण्याआधीच सांगा.