भ्रूणपोष

फुलाच्या पोटात एकाच वेळी दोन मीलने घडतात, हे १८९८ पर्यंत वनस्पतिशास्त्राला ठाऊक नव्हते. त्या वर्षी नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातील फुलांत ते पाहिले. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके भ्रूणकोशात उतरतात. एक अंडपेशीशी एकरूप होते. त्यातून भ्रूण घडतो. दुसरे, बहुतेक वनस्पतींत, मधल्या दोन केंद्रकांना मिळते आणि तिघांच्या संयोगातून भ्रूणाचे अन्न तयार होते. मराठी विश्वकोश त्याला ‘पुष्क’ म्हणतो. पांढुर्णा-सौंसरची आमची मुले हिंदी शाळेत ‘द्विनिषेचन’ पाठ करतात, मराठी पुस्तकात तेच ‘द्विफलन’ होते. ‘भ्रूणपोष’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांना चालतो.

भ्रूणाचे झाड होते. भ्रूणपोषाला वंश नसतो. ज्वारीच्या हुरड्याचा दाणा चिमटीत दाबला की जे पांढरे दूध निघते, ते त्याचेच. पुढे ते घट्ट होते, त्याचे पीठ होते, पिठाची भाकर होते. कोवळ्या अंकुरासाठी बांधलेल्या शिदोरीवर माणसाच्या पिढ्या जगल्या.

आमच्या भागातल्या संत्र्याची कथा निराळी आहे. त्याची पिकलेली बी सोलली, तर भ्रूणपोष जवळपास सापडतच नाही. बीजपत्रांनी तो आधीच शोषून घेतलेला असतो. शिवाय एका बीत अनेकदा कित्येक भ्रूण असतात. फलनातून जन्मतो तो एखादाच. बाकीचे मातेच्याच ऊतीतून उगवलेले. जंभेरीचेही तसेच, म्हणून तिची बहुतेक रोपे हुबेहूब मातेसारखी निघतात आणि त्या खुंटांवर संत्र्याचा डोळा बांधतात. या आगंतुक भ्रूणांनाही साधारणतः तोच भ्रूणपोष पोसतो. आपला कोण, परका कोण, हे तो पाहत नाही.

हे वाचताना मला आत्या आठवते. ऐन तारुण्यात वैधव्य घेऊन ती सौंसरला माहेरी आली. पहाटे जात्यावर ज्वारी दळून तिने भावाची पाच लेकरे वाढवली. शेजारचे एक पोरके पोरही त्याच पंगतीत जेवून मोठे झाले. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी निघाली. बाकी सारे आमच्या अंगात मुरले होते.

मागल्या वर्षी काकांनी घराण्याची वंशावळ काढली. तीत आत्या नव्हती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तिच्याखाली रेघ कोठी नेऊ गा, बापू?”

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. पण काका त्या पाचांपैकीच एक. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग पाचही भावंडांच्या नावांना बाजूने एक मोठा कंस घातला आणि त्याच्या टोकाशी तिचे नाव लिहिले.