चंद्रावरची साय

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली! सगळं सायन्स इंग्रजीतून शिकले. आजीला इंग्रजी येत नाही. परिणाम असा, की मी काय शिकते ते तिला कळत नाही आणि मला सांगता येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, निदान चंद्र तरी तिला मराठीत सांगायचाच.

साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वी चंद्र तयार झाला, तेव्हा त्याचा शेकडो किलोमीटर जाडीचा थर वितळलेला होता. शिलारसाचा समुद्रच म्हणा ना. तो निवत गेला तशी ऑलिव्हीन, पायरॉक्सीन ही जड खनिजं आधी गोठून तळाशी बसली. प्लॅजिओक्लेज हे हलकं खनिज नंतर गोठलं आणि तरंगत वर आलं.

"दुधावर साय धरते तसं?" आजी म्हणाली.

मला फाउंड्रीत वितळलेल्या धातूवर तरंगणारा स्लॅग आठवत होता, पण साय केव्हाही बरी! ही साय म्हणजे अ‍ॅनॉर्थोसाइट, चंद्राचा पांढुरका भाग.

"आणि ससा?"

आतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने पुढे तळाचा थर थोडा थोडा वितळला. तो लाव्हा भेगांतून वर आला, उल्कांच्या आघातांनी पडलेल्या अवाढव्य खड्ड्यांत पसरला आणि गोठून काळा बेसॉल्ट झाला. बराचसा ३०० कोटी वर्षांहून जुना. आपला सह्याद्री त्याच जातीच्या दगडाचा, फक्त वयाने लहान, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा.

"म्हणजे काळा पाषाण! मग सरळ तसं सांग की. पण हे बघून कोण आलं?" प्रश्न अगदी व्हायव्हाच्या एक्स्टर्नलसारखा.

१९६९ साली अपोलो ११ उतरलं ते काळ्या भागात. पण आणलेल्या मातीत काही बारीक पांढरे कण निघाले. आघातांनी दुरून उडून आलेले. तेवढ्यावरून जॉन वूड आणि इतरांनी शिलारसाच्या समुद्राची कल्पना मांडली. पुढे २०२३ मध्ये आपलं चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. प्रज्ञान रोव्हर जेमतेम १०० मीटर फिरला, पण २३ ठिकाणी माती तपासली. तिथेही सायच!

तर मित्रमैत्रिणींनो, सबमिशनच्या धबडग्यातून वेळ काढून एखाद्या पौर्णिमेला घरी फोन लावा आणि आपापल्या ब्रँचचं काहीतरी मराठीत सांगून बघा. शब्द अडला तर काळजी नको. पलीकडून मिळतो.